काळ्या पाषाणातली सहल

(पडद्यावर: धावत्या एसटीच्या खिडकीतून दिसणारी कपाशीची शेतं, मध्येच वर आलेला खडक)

मराठवाड्यात विहीर खणायला घ्या. आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. हे आम्ही भूगोलाच्या तासाला पाठ केलं होतं. इतिहासाच्या तासाला यादव, राष्ट्रकूट, वाकाटक पाठ केले होते. या दोन तासांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे कळलं ते नववीच्या सहलीत.

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आमची शाळा. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून तर जाता आलं. तरी काही घरांत कापूस विकला जाईपर्यंत सहलीचे पैसे निघाले नव्हते. शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांचे पैसे आले नाहीत, त्यांचीही नावं यादीत लागली. ते पैसे कुणी भरले, हे सरांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

(पडद्यावर: लोणारचा कडा, खाली हिरवट पाणी)

पहिला मुक्काम लोणार, जिल्हा बुलढाणा. गोमुखाची धार पाहून पुढं आलो, तर समोरची जमीनच खचलेली. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, उल्का आदळून झालेलं, तेही याच काळ्या पाषाणात. पूर्वी याला ज्वालामुखीचं तोंड समजत. पण प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होते अशी काच इथल्या दगडांत सापडली आणि तो वाद मिटला. गावात वेगळी गोष्ट सांगतात. लोणासुर नावाचा दैत्य इथं दडला होता, विष्णूनं त्याला मारलं. विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात आहे आणि त्यावरचं कोरीवकाम पाहण्यासारखं आहे.

विवराच्या तळाशी उतरल्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलीनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. तिच्या शेतातल्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळं तिला उत्सुकता. म्हणाली, "सर, हे नुसतं खारट नाय. साबणावानी लागतंय." सर हसले आणि तिथंच, काठावरच्या चिखलात उभं राहून, आम्ल आणि अल्कली शिकवलं. त्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) दहाच्या आसपास असतो. विज्ञानाचा तो धडा आम्हाला पुन्हा वाचावा लागला नाही.

विवराचं वय तेव्हा सुमारे पन्नास हजार वर्षं सांगत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं. म्हणजे परीक्षेत चुकीचं उत्तर लिहून आम्ही पूर्ण मार्क घेतलेत! २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा टाळेबंदीत घरी अडकलेल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर तेच फोटो फिरत होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी लोणारचं नाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं.

(पडद्यावर: देवगिरीचा तासलेला कडा, चांद मिनार)

दौलताबाद, म्हणजे यादवांचं देवगिरी. डोंगराचा पाषाण उभा तासलेला, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. असा किल्ला शत्रूला मिळतोच कसा? इतिहासाच्या बाईंनी आम्हाला खंदकापाशी बसवून १२९६ सांगितलं. अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा, घाईनं आत आणलेली पोती, आणि पोती सोडल्यावर धान्याऐवजी निघालेलं मीठ, अशी कथा आहे. पुढं १३२७ मध्ये तुघलकानं राजधानी इथं हलवली, ते तर सगळ्यांनाच ठाऊक.

मग किल्ल्यातली अंधारी. वळणावळणाचा काळोखा जिना, वटवाघळांचा वास. पोरं आरडाओरडा करून भीती लपवत होती. सगळ्यांत पुढं गेली ती वाडीवरची आमची मैत्रीण. तिच्या घरी तेव्हा वीज नव्हती. ती भिंतीला हात लावून पायऱ्या सांगत गेली आणि आम्ही एकमेकांचे हात धरून तिच्या मागं.

(पडद्यावर: कैलास लेणं, वरून)

वेरूळला चौतीस लेणी. बौद्ध, हिंदू, जैन, सगळी एकाच डोंगरात. दहाव्या लेण्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला दगडात कोरलेल्या लाकडी फासळ्या आहेत. आमच्यातला एकजण सुताराच्या घरचा. मान वर करून तो एकेक फासळी बघत राहिला. "याला माहीत होतं लाकूड कसं बसतं," एवढंच म्हणाला. दगडात त्या फासळ्यांचं कामच नाही, त्या भार घेत नाहीत. तरी घडवणाऱ्यानं हातातली जुनी सवय सोडली नव्हती.

सोळावं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. शिखराकडून पायाकडे कोरत आणलेलं. गाइड वर्षं, राजे, मापं सांगून पुढं गेला. मागं राहिला तो आमचा दगडकाम करणाऱ्यांचा पोरगा. भिंतीवरचे छिन्नीचे ओरखडे दाखवून त्यानं सांगितलं, घाव कुठल्या बाजूनं पडलाय, माणूस कुठं उभा असेल. वरून कोरलं तर परांची बांधायला नको, हेही त्याचंच. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा. त्या दुपारी बाईसुद्धा वहीत लिहून घेत होत्या.

अजिंठ्याला पोहोचेपर्यंत पाय गळाले होते. वाघूर नदीचं वळण, १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला दिसलेली लेणी, पहिल्या लेण्यातलं बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र. बाजूनं प्रकाश धरल्यावर चित्रातले मोती उजळतात. ते पाहिलं आणि उरलेली लेणी थोडी पळतच उरकली. अजिंठ्याला पुन्हा, सवडीनं जायला हवं.

(पडद्यावर: बॅचच्या स्नेहमेळाव्याची छायाचित्रं)

आभार मानायचे तर ड्रायव्हरकाकांचे, रात्री शाळेच्या हॉलमध्ये आमच्यासाठी पिठलं-भाकरी करणाऱ्या अनोळखी मावशींचे, रोज रात्री झोपण्याआधी आमची डोकी मोजणाऱ्या सर-बाईंचे. आणि त्या सोबत्यांचे, ज्यांनी आम्हाला आपापल्या घरचं ज्ञान फुकट दिलं.

यंदापासून शाळेच्या सहलीच्या खर्चातला काही वाटा आमची बॅच उचलणार आहे. मुलांना कुठं न्यायचं ते शिक्षक ठरवतील. आमची अट एकच. प्रत्येक ठिकाणी गाइडचं बोलणं संपलं की मुलांना अर्धा तास मोकळं सोडायचं.