दुभाष्याला खोलीत नेण्याआधी

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? ठीक. मी हॉस्पिटलात दुभाषी म्हणून काम करते. पत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय, पण मला खरं तर एकच गोष्ट सांगायचीये, की गंभीर बातमी द्यायची असेल तर डॉक्टर, सिस्टर आणि दुभाषी यांनी पेशंटच्या खोलीत शिरण्याआधी दाराबाहेर पाच मिनिटं उभं राहून आपसात बोलून घ्यावं. झालं, एवढंच. पण आयोजकांनी पाऊण तास दिलाय, तर थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी घरच्यांसाठी दुभाष्याचं काम केलंय, त्यामुळे हे ओळखीचं वाटेल. एक आजोबा होते (ओळख पटेल असं सगळं बदललंय), कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला. मला यायला उशीर झाला, म्हणून मुलगाच मध्ये बसून भाषांतर करत होता. मी दाराशी पोचले तेव्हा डॉक्टरबाई बोलत होत्या, चांगलं शांतपणे समजावून, की केमोचा आता फायदा नाही, त्रासच जास्त, तेव्हा ती थांबवून दुखणं कमी ठेवण्यावर भर देऊ. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांकडे वळून म्हणाला, "अशक्तपणा आहे म्हणतायत, जेवत जा नीट." आजोबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि म्हणाले, "एवढ्या बोलल्या त्या, आणि निघालं एवढंच?"

हसा हसा, मलाही हसू आवरलं नव्हतं. पण त्या पोराला नावं ठेवू नका हं, बापाला असली बातमी द्यायचं काम कुणाच्याही गळ्यात मारलं तर तो हेच करेल. पुढे ऐका. आजोबांनी त्याला गाडीतून चार्जर आणायला पिटाळलं. फोन उशीपाशीच होता, पूर्ण चार्ज झालेला, मला दिसत होता. पोरगा गेल्यावर म्हणाले, "विचार गं त्यांना, किती दिवस आहेत, आणि दुखेल का फार. मी विचारलं हे त्याला कळू देऊ नका, त्याला झेपायचं नाही." म्हणजे मुलगा बापाला जपतोय, बाप मुलाला जपतोय आणि मधल्या मध्ये डॉक्टरांना वाटतंय की पेशंटला सगळं समजलं!

आता आकडा हवाच असेल तर २००३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या तपासणीच्या १३ भेटी रेकॉर्ड करून तपासल्या होत्या, त्यात भाषांतराच्या ३९६ चुका निघाल्या. घरचा माणूस किंवा हाताशी सापडेल त्याला बसवलं तर ७७ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा, आणि हॉस्पिटलचे दुभाषी असले तर ५३ टक्के. आमचे ५३ म्हणजे छाती फुगवण्यासारखं काही नाही, कबूल.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच विचारतात, "तुमच्या लोकांत असं पेशंटला सांगतात का?" अहो, आमच्या लोकांत म्हणजे काय, सख्ख्या दोन भावांचं यावर एकमत नसतं! पेशंट समोर पडलाय, त्याला विचारा की. हे संस्कृती-संस्कृती फार ताणू नये. १९६१ मध्ये अमेरिकेतल्याच एका पाहणीत ९० टक्के डॉक्टर म्हणत होते की कॅन्सर झालाय हे पेशंटला सांगू नये, आणि १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के म्हणाले सांगावं. अठरा वर्षांत संस्कृती उलटी झाली. १९९५ च्या एका पाहणीत कोरियन-अमेरिकन म्हाताऱ्यांपैकी ४७ टक्के म्हणाले की पसरलेला कॅन्सर असला तरी सांगावं. म्हणजे निम्मे. आता तुमच्या समोरचे आजोबा कुठल्या निम्म्यातले ते मी चेहरा बघून कसं सांगू?

अरे बाप रे, चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. मुख्य मुद्दा तर राहिलाच, पटापट सांगते.

त्या पाच मिनिटांत दुभाष्याला सांगा की आज नेमकं काय बोलणार आहात, व्हेंटिलेटर काढायचंय की नुसते रिपोर्ट सांगायचेत. आम्ही "मी" म्हणून बोलतो, तुमचं "मला वाईट वाटतंय" माझ्या तोंडून जातं, घरचे रागाने माझ्याकडेच बघतात, आणि ते वाक्य मीही त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकत असते. दुसरं, "तुम्हाला स्वतःच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय, की आम्ही घरात दुसऱ्या कुणाशी बोलू?" हा प्रश्न पेशंटला पहिला, आणि शक्यतो नातेवाईक बाहेर असताना. नको म्हणाला तर तोही त्याचाच निर्णय, फाइलमध्ये लिहा. तिसरं, दोन वाक्यं बोला आणि थांबा. चौथं, पेशंटकडे बघून बोला, माझ्याकडे नको. व्हिडिओवर बोलवलं असेल तर टॅबलेट कृपा करून उभा ठेवा, मी अख्खी बैठक छताच्या ट्यूबलाइटकडे बघत केलेली आहे. पाचवं, बैठक झाल्यावर एक मिनिट द्या आम्हाला, कारण तिथून निघून आम्ही बऱ्याचदा थेट बाळंतिणीच्या वॉर्डात जातो, तिथे अभिनंदन म्हणायचं असतं.

बाकी प्रश्नांमध्ये बोलू. ताई, मघापासून हात वर आहे तुमचा, बोला.