काडीने घाम सुटतो, मुळीने थांबतो

(पडद्यावर: मसाल्याचा डबा, झाकण उघडतं)

दालचिनी. तुमच्याही डब्यात असेलच. पण या शब्दाचं शेवटचं टोक कधी नीट ऐकलंय का, चिनी? फारसीत याला दारचीनी म्हणतात, म्हणजे चीनचं लाकूड, आणि आपण ते तसंच उचललं. काष्ठौषधीच्या दुकानात गेलात तर याची अजून भावंडं भेटतील, चोपचिनी, रेवाचिनी, कबाबचिनी. यातली कबाबचिनी खरी तर जावाची, पण आडनाव तिलाही हेच चिकटलं. चोपचिनीची गोष्ट तर आपल्या गोव्यातली आहे. 1563 साली गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज डॉक्टरने गोव्यात औषधांवर पुस्तक छापलं, त्यात चीनच्या या मुळावर वेगळं प्रकरणच आहे, कारण तेव्हा गरमीच्या रोगावर, म्हणजे सिफिलिसवर, ते मूळ जोरात खपत होतं. आपल्या वैद्यांनी त्या रोगाला फिरंगरोग असं नाव ठेवलं होतं, कुणावर बोट ते कळलंच असेल.

म्हणजे चिनी जडीबुटी आपल्याला वाटते तितकी लांबची नाही. पण ती वापरायची त्यांची रीत मात्र वेगळी आहे, आणि आज आपण ती रीतच बघणार आहोत. झाडांची यादी देत बसलो तर हा व्हिडिओ उद्यापर्यंत संपायचा नाही.

(पडद्यावर: अनग्वो, औषधांचा बाजार)

हे अनग्वो, हेबेई प्रांतातलं गाव. इथे औषधाच्या राजाचं म्हणजे याओवांगचं देऊळ आहे आणि त्या देवळाच्या आसऱ्याने शेकडो वर्षं जडीबुटीचा बाजार भरत आलाय. (जाता जाता सांगतो, याच भागातल्या तांग परगण्यात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 साली वारले, फक्त 32 वर्षांचे होते.)

जुन्या पद्धतीच्या दुकानात शिरलं की मागे भिंतभर लाकडी कपाट दिसतं, बारीक बारीक ड्रॉवरचं. नाव त्याचं शंभर पोरांचं कपाट, आणि एका ड्रॉवरमध्ये परत दोन-तीन कप्पे. दुकानदार हातात छोटा दांडीचा काटा धरून एकेक वस्तू तोलतो, कागदावर ढीग करतो, एका दिवसाचा एक ढीग, आणि पुड्या बांधून देतो. घरी नेऊन मातीच्या भांड्यात उकळायचं. लोखंडाचं भांडं चालत नाही. चव कशी लागते विचारू नका.

आता त्या पुडीत काय जातं ते ठरतं कसं? चिनी वैद्यकात प्रत्येक औषधाचा एक स्वभाव सांगितलाय, थंड, गार, कोमट, गरम. आपल्याकडे आजी म्हणते ना पपई उष्ण पडते, तसंच. आणि पाच चवी, आंबट, कडू, गोड, तिखट, खारट. आपल्या आयुर्वेदात सहा, तुरट ही वेगळी धरलीय. तिखट वस्तू आतलं बाहेर ढकलते, आंबट ओढून धरते, कडू खाली उतरवते, असा त्यांचा हिशोब. हे प्रयोगशाळेत मोजता येतं का, तर या भाषेत नाही येत. पण हजारो वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या खुणेने वस्तू लक्षात ठेवल्या ती ही खूण आहे, एवढं मान्य करायला हरकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. स्वभाव झाडाचा नसतो. झाडाच्या कुठल्या भागाचा, आणि त्या भागाचं तुम्ही काय केलंत त्याचा असतो.

आलंच घ्या. ओलं आलं म्हणजे सर्दी, मळमळ, उलटी, अंगातून घाम काढायला. तेच वाळवलं की सुंठ, आणि चिनी वैद्याच्या लेखी हे दुसरंच औषध, हे पोटात ऊब द्यायला, गारठलेल्या पोटाला. तीच भाजून काळपट केली की तिसरं, रक्तस्राव थांबवायला. आणि आल्याची नुसती साल सुजेवर, अंगात पाणी धरलं असेल तर. एका कंदाची चार औषधं, आणि दुकानात ती वेगळी मागायची. आपल्याकडे सुंठीवाचून खोकला जातो, तिकडे कुठली सुंठ ते आधी विचारतील.

हळदीचंही तसंच. तिचा मधला गड्डा म्हणजे ज्यांग-हुआंग, हा उष्ण, खांदा-दंड धरला तर देतात. त्याच झाडाच्या मुळांना खाली जे गाठीसारखे फुगवटे येतात ते यू-चिन, आणि ते थंड! एकाच झाडाखालून उष्णही निघतं आणि थंडही.

आणि आता ज्यावरून या व्हिडिओचं नाव ठेवलंय ते. मा-हुआंग. वाळवंटी भागात येणारं झुडूप, पानं जवळपास नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या, केरसुणीसारखं दिसतं. याच्या काड्या उकळून प्यायल्या की दरदरून घाम सुटतो, छाती मोकळी होते. आणि याचंच मूळ देतात ते घाम थांबवायला. म्हणजे दुकानदाराने चुकून शेजारचा कप्पा उघडला तर काम उलटंच. काड्यांमधलं एफेड्रिन 1885 साली नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने वेगळं काढलं, मग 1920 च्या दशकात पेकिंगच्या मेडिकल कॉलेजात चेन आणि श्मिट या जोडीने त्यावर काम केलं आणि ते दम्याचं औषध म्हणून जगभर गेलं. पुढे अमेरिकेत लोकांनी हेच झुडूप वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये भरून खाल्लं, हृदयाच्या तक्रारी आल्या, माणसं दगावली, आणि 2004 मध्ये तिथल्या सरकारने त्या कॅप्सूलवर बंदी घातली.

पण जुना चिनी वैद्य मा-हुआंग एकटं देतच नव्हता. साधारण 1800 वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग नावाच्या वैद्याने लिहून ठेवलेला काढा आहे, चारच वस्तूंचा. मा-हुआंग हा राजा. दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या हा प्रधान, राजाचं काम जोरात करायला. जर्दाळूच्या बियांचा गर हा मदतनीस, खोकला खाली बसवायला. आणि शेवटी ज्येष्ठमध, हा दूत, सगळ्यांना सांभाळून नेणारा. राजा, प्रधान, मदतनीस, दूत, ही त्यांचीच भाषा आहे, मी उगाच नाटक करत नाहीये. ज्येष्ठमधाला तर तिकडे देशातला वडीलधारा म्हणतात, कारण तो भल्याभल्या काढ्यांत तडजोड करायला बसलेला असतो. अर्थात वडीलधाऱ्याचंही अति झालं की त्रास होतोच, रोज भरपूर ज्येष्ठमध खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, हे आता पक्कं माहितीये. आणि या वडिलांचीही काही वस्तूंशी भांडणं आहेत. अठरा वैरं म्हणून यादीच आहे, कोण कोणासोबत एका भांड्यात नको, ती तिकडचे विद्यार्थी यमक जुळवून पाठ करतात.

(पडद्यावर: निळी फुलं, मग काळे कंद)

हे बचनागाचं भावंड. चिनी नाव फूझी, सिच्वानमधल्या ज्यांगयौ भागातलं प्रसिद्ध. कच्चं खाल्लं तर माणूस मरतो, यात अतिशयोक्ती शून्य. यातलं अॅकोनिटिन हृदयाचे ठोके बिघडवतं. मग ते खारट पाण्यात मुरवायचं, धुवायचं, उकळायचं, काप करायचे, वाफवायचे, आणि काढ्यातही इतरांच्या आधी तासभर तरी एकटं उकळत ठेवायचं. तापून तापून ते विष तुटतं आणि बरंच कमी जहाल उरतं. आपले वैद्य बचनाग गोमूत्रात शुद्ध करतात ते आठवलं ना? दोन देश, विष तेच, अक्कलही बरीचशी तीच.

आणि हो, माल उलट दिशेनेही गेलाय. आपला हिरडा. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरातला माणूस ज्याला ओळखतो तोच. चीनमध्ये त्याचं जुनं नाव हेलिले, हे हरीतकीवरूनच, वाटेत फारसीतून वळसा घेऊन. चांग चोंगचिंगच्या नावावरच्या ग्रंथात हिरड्याचा नुस्खा आहे, आणि तो कशासाठी, तर जुलाब थांबवायला. आपण तर पोट साफ व्हायला घेतो! मग कोण चुकलं? कुणीच नाही. आपल्याच जुन्या ग्रंथात लिहिलंय की हिरडा वाटून घेतला तर पोट साफ करतो, वाफवून घेतला तर मळ बांधून धरतो. परत तेच, फळ एक, तुम्ही त्याचं काय केलंत ते महत्त्वाचं.

जिनसेंगवर मी फार वेळ घालवणार नाही, त्याची जाहिरात आधीच भरपूर झालीय. मुळाचा आकार माणसासारखा म्हणून नाव रेन-शेन, माणूस-मूळ. ईशान्येकडच्या चांगबाई डोंगरात शोधणारे लोक रोप दिसलं की आधी ओरडतात आणि मग त्याला लाल दोरा बांधतात, नाहीतर ते पळून जातं म्हणे. गोष्ट छान आहे. किंमत त्याहून छान.

ही सगळी नोंदवही ठेवायचं सगळ्यात मोठं काम केलं ते हुबेईच्या ली शिझेनने. 27 वर्षं घालवून, गावोगाव फिरून, कोळ्यांना, लाकूडतोड्यांना विचारत त्याने 1892 वस्तूंची माहिती गोळा केली, 1578 मध्ये पुरी केली, प्रकाशक मिळता मिळता वय गेलं आणि 1593 मध्ये तो वारला. पुस्तक बाजारात आलं 1596 ला. त्यात आपल्याला आज हसू येईल असंही बरंच आहे, आणि अंगावर काटा येईल असंही, प्राण्यांचे अवयव वगैरे. खवल्या मांजराचे खवले तर चीनच्या सरकारी औषधकोशातून 2020 मध्ये कुठे निघाले.

आणि नाव नीट न बघता घेतलं तर काय होतं? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये एका बारीक व्हायच्या क्लिनिकने गोळ्यांत चिनी जडीबुटी घातली. हवं होतं फांग-ची. आलं ग्वांग-फांग-ची. नावात एका शब्दाचा फरक, झाड मात्र पूर्ण वेगळ्या कुळातलं, अॅरिस्टोलोकिया. शंभरावर बायकांच्या किडन्या गेल्या, कित्येकींना नंतर मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही, असं कुणी फॉरवर्ड केलं की मला या बायका आठवतात. आपल्या कोकणातली ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच कुळातली, आणि त्यातही किडन्या घालवणारं तेच अॅरिस्टोलोकिक अॅसिड असतं, तेव्हा कुणी सुचवलं तरी पोटात घेऊ नका.

(पडद्यावर: हिरवं, बारीक कातरलेल्या पानांचं झुडूप)

आता शेवटचं झाड. छिंगहाओ. आपल्या दवण्याच्या जातकुळीतलं, वासही तसा उग्र. 1967 च्या 23 मे ला चीनने मलेरियाच्या औषधासाठी गुप्त प्रकल्प सुरू केला, तारखेवरून नाव 523. कारण अमेरिकेशी लढणाऱ्या, चीनच्या मित्र उत्तर व्हिएतनामचे सैनिक जंगलात गोळीपेक्षा तापाने जास्त पडत होते. 1969 मध्ये बीजिंगच्या तू यौयौ या बाईंना या कामात घेतलं. पीएचडी नाही, परदेशी शिक्षण नाही, नवरा सांस्कृतिक क्रांतीत खेड्यात धाडलेला, दोन लहान मुली दुसऱ्यांकडे ठेवलेल्या. त्यांनी जुन्या पोथ्यांतून 2000 च्या वर नुस्खे जमवले, त्यातले 640 वहीत उतरवले, सुमारे 200 वनस्पतींचे 380 अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओने एकदा चांगला निकाल दिला आणि मग परत देईचना.

मग त्यांनी गे होंग नावाच्या जुन्या वैद्याची चौथ्या शतकातली एक ओळ परत वाचली. मूठभर छिंगहाओ, दोन मापं पाण्यात भिजव, पिळ, आणि तो रस पी. उकळ असं म्हटलेलंच नाही! सगळे काढे उकळतात आणि हा माणूस पिळायला सांगतोय. उष्णतेनेच औषध मरत असेल तर? म्हणून त्यांनी पाण्याऐवजी ईथर घेतलं, ते 35 अंशाच्या आसपासच उकळतं. 4 ऑक्टोबर 1971, नमुना क्रमांक 191, उंदरांमधले सगळे परजीवी साफ. माणसांवर द्यायच्या आधी, 1972 मध्ये, तू यौयौ आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला, दवाखान्यात निगराणीखाली. 2015 मध्ये नोबेल मिळालं.

फूझी तासन्‌तास उकळलं नाही तर मारतं, छिंगहाओ उकळलं तर वाया जातं.

(पडद्यावर: गडचिरोली, पावसाळा, आशाताईंची पिशवी)

आज गडचिरोलीत ताप आलेल्या पोराच्या बोटातून आशाताई थेंबभर रक्त घेतात, पट्टीवर टाकतात, फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाची जीवघेणी जात, निघाली की पिशवीतून पाकीट काढतात. वयाप्रमाणे पाकिटाचा रंग वेगळा, म्हणजे डोस चुकायला नको. त्यातली एक गोळी त्या पिळलेल्या पाल्यातून निघालेल्या औषधाची आहे. पहिला डोस ताईंसमोरच घ्यायचा, आणि बाकीच्या दोन दिवसांचा ताप उतरला तरी पुरा करायचा.