सप्लाय शीळ का घालतो?

मंडळी, विषय ऐकायला किरकोळ वाटतो, पण बेंचवर बसलं की डोकं पिकवतो. एसएमपीएसचं (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलणाऱ्या स्विचिंग सप्लायचं) व्होल्टेज बरोबर आहे, तो तापत नाही, लोड उचलतो आणि तरी बारीक शीळ घालत बसतो. वापरणारा म्हणतो बिघडलाय, बनवणारा म्हणतो ठीक आहे. कधी एकाचं बरोबर असतं, कधी दुसऱ्याचं.

आधी हिशेब करू. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि वय वाढेल तशी वरची हद्द खाली घसरते. (म्हणून आवाज ऐकायला वर्कशॉपमधल्या सगळ्यात लहान पोराला पुढे करावं.) अडॅप्टरचं स्विचिंग बहुधा ६५ किंवा १०० किलोहर्ट्झला चालतं, बोर्डावरचे बक (व्होल्टेज उतरवणारे) कन्व्हर्टर त्याच्याही कितीतरी वर. मग ऐकू येतं ते काय? सगळे आधी विचारतात, आवाज कुठल्या पार्टमधून येतोय? हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की इतक्या वेगाने चालणाऱ्या सर्किटमध्ये दोन-तीन किलोहर्ट्झची लय शिरली कुठून? वाजणारा पार्ट हा नुसता स्पीकर असतो. त्याला कुणीतरी चालवत असतं.

ही लय शिरण्याची सगळ्यात नेहमीची वाट म्हणजे हलका लोड. लोड कमी झाला की कंट्रोलर वीज वाचवण्यासाठी बर्स्ट मोडमध्ये जातो : थोडे पल्स सोडतो, गप्प बसतो, पुन्हा थोडे सोडतो. आतले पल्स ६५ किलोहर्ट्झचेच असतात, पण त्यांचे झुबके सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा येतात आणि ते थेट कानाच्या टप्प्यात पडतात. गंमत अशी, की ऑसिलोस्कोपवर हे चटकन दिसत नाही. आपण सवयीने टाइमबेस ५ मायक्रोसेकंदांवर ठेवतो, पल्स छान चौकोनी दिसतात आणि आपण म्हणतो सर्किट निर्दोष आहे. तोच टाइमबेस २ मिलिसेकंदांवर न्या. पडद्यावर एक जाड पट्टा, मग सपाट रेघ, पुन्हा पट्टा. एका पट्ट्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर मोजा. समजा, ०.८ मिलिसेकंद आलं, म्हणजे १.२५ किलोहर्ट्झ. आता फोनमधलं स्पेक्ट्रमचं ॲप उघडून माइक सप्लायजवळ धरा. तिथे तोच आकडा किंवा त्याची पट दिसली, तर निम्मं काम झालं.

मग लोड हळूहळू वाढवा. आवाज चढत जाऊन एकदम बंद पडला, तर बर्स्ट मोडच. भर लोडवरही चालूच राहिला, तर फीडबॅक लूपवर (आउटपुट बघून व्होल्टेज जागेवर ठेवणाऱ्या सर्किटवर) संशय घ्या. आउटपुटवर एसी कपलिंग लावून पाहिलं की काही किलोहर्ट्झची गुळगुळीत लाट डुलताना दिसते. याचं एक ओळखीचं कारण म्हणजे दुरुस्ती! वाळलेला इलेक्ट्रोलिटिक काढून कुणीतरी अगदी कमी ईएसआरचा (आतल्या रोधाचा) कॅपॅसिटर बसवतो. मूळ लूप जुन्या ईएसआरवर बेतलेला असला, तर नव्या कॅपॅसिटरने फेज मार्जिन (लूप स्थिर राहण्यासाठीची राखीव जागा) जातं. चांगला पार्ट घातला आणि सप्लाय डोलायला लागला, असं होतं.

टिक-टिक आवाजाचं प्रकरण वेगळं. तिथे सप्लाय चालू होऊन लगेच बंद पडत असतो. लोड काढूनही टिक-टिक थांबली नाही, तर आउटपुटचा डायोड शॉर्ट आहे का बघा आणि मग कंट्रोलरच्या पुरवठ्यावरचा छोटा इलेक्ट्रोलिटिक. लय शिरण्याची आणखी एक वाट : शेजारी दोन कन्व्हर्टर ३०० आणि ३०४ किलोहर्ट्झला चालत असले, तर त्यांच्यातला ४ किलोहर्ट्झचा फरक ऐकू येऊ शकतो. सबहार्मोनिकचं (स्विचिंगच्या निम्म्या वारंवारतेच्या डोलण्याचं) नाव मात्र उगाच घेतलं जातं. ड्यूटी सायकल (स्विच चालू राहण्याचा वाटा) ५० टक्क्यांच्या वर गेली आणि ते डोलणं रोखणारं स्लोप कॉम्पेन्सेशन कमी पडलं, की वारंवारता निम्मी होते हे खरं. पण ६५ चे निम्मे साडेबत्तीस, ते कुणाला ऐकू येणार? दोष देण्याआधी भागाकार करावा.

आता स्पीकरकडे वळू. एक्स७आर, एक्स५आर जातीच्या सिरॅमिक कॅपॅसिटरमध्ये बेरियम टायटनेट असतं. व्होल्टेज हललं की तो कॅपॅसिटर किंचित आकसतो-फुगतो, सोल्डरमधून बोर्डाला ओढतो आणि खरा आवाज बोर्ड करतो. सी०जी जातीत हे होत नाही, पण तिथे मोठा कॅपॅसिटन्स मिळत नाही. जागा असेल तर एकाच कॅपॅसिटन्सचे दोन कॅपॅसिटर बोर्डाच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवतात, मग त्यांची ओढ एकमेकींना बरीचशी मारते. फ्लायबॅकमध्ये (अडॅप्टरमधल्या नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सर्किटमध्ये) मला पहिला संशय स्नबरच्या (व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या जोडणीच्या) सिरॅमिक डिस्कवर येतो. तिथे फिल्म कॅपॅसिटर घातला की कित्येकदा काम भागतं. उरला ट्रान्सफॉर्मर : सैल वेढे, नीट न चिकटलेले कोअरचे अर्धे भाग. त्यावर वार्निश आणि गोंद हे जुनेच इलाज.

पार्ट हुडकायला कोरडी प्लॅस्टिकची काडी घेऊन एकेक दाबत जा, सूर कुठे बदलतो ते ऐका. पेन्सिल नको, तिच्यातलं ग्राफाइट वीज वाहतं आणि २३० व्होल्टच्या मेन्सवर प्रायमरीच्या (मेन्सला जोडलेल्या बाजूच्या) कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शियल प्रोब (ग्राउंड न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) नसेल, तर स्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरीला लावू नका.

डमी लोड लावला की आवाज जातो, मग तोच का नको, असं विचारलं जातं. जातो खरा, कारण सप्लाय बर्स्टमधून बाहेर येतो. पण रिकामा असतानाही तो तेवढी वीज कायम खाणार, आणि बर्स्ट मोड ठेवला होता तो नेमकी तीच वाचवायला. प्रयोगशाळेतल्या एखाद्या सप्लायला चालेल. दिवसरात्र प्लगमध्ये राहणाऱ्या अडॅप्टरला मी लावणार नाही, तिथे स्नबरचा कॅपॅसिटर बदलेन. आणि लूप डोलत असेल तर डमी लोड नको न् गोंदही नको, आधी लूपचं कॉम्पेन्सेशन (त्याला स्थिर ठेवणारी जुळणी) सुधारा. आवाज दाबला तरी आउटपुटच्या कॅपॅसिटरमधला जादा रिपल (वर-खाली होणारा) करंट त्यांना तापवतच राहतो.