टर्बोचा पाइप

(पडद्यावर: राष्ट्रीय महामार्ग ४४, हिंगणघाटच्या अलीकडे. रस्त्यालगत पत्र्याचं गॅरेज. बॉनेट उघडलेला ट्रक.)

टाटा १६१३. या गाडीच्या नावातच हिशेब आहे. पहिले दोन आकडे सोळा टन वजनाचे, पुढचे दोन साधारण १३० हॉर्सपॉवरचे. बॉनेटखाली कमिन्सचं सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं टर्बो इंजिन. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. दसऱ्यानंतर विदर्भात कापूस निघाला, की असे जुने ट्रक पुन्हा रात्रंदिवस धावायला लागतात. गावातून जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात कापूस, जिनिंगमधून गाठी. गाडीचं कर्ज केव्हाच फिटलेलं, गाडी कमावती. ती मोडीत घालायला मालकाचा जीव होत नाही.

हिची तक्रार चढावरची. भरलेली गाडी तळेगावच्या सत्याग्रही घाटाला लागली की दम टाकते. मागे काळा धूर, केबिनमध्ये जळका वास. डिझेलचा पंप तपासला, डिझेल फवारणारे नोझल झाले, एअर फिल्टर नवा बसला. मग मिस्त्रींनी टॉर्च घेऊन टर्बोच्या मागे डोकावून पाहिलं. फ्लँजभोवती, म्हणजे पाइप टर्बोला जोडणाऱ्या चकतीभोवती, काजळी फुटलेली. टर्बोतून धूर बाहेर नेणारा खालचा पाइप कधीतरी दगडावर बसून चेपलेला, आणि त्यावर जुन्या वेल्डिंगचे थर.

(पडद्यावर: टर्बोचं चाक, जवळून.)

टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं. त्याला फिरवतो तो इंजिनातून निघालेला गरम धूर. चाकाच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी, या फरकावरच ते पळतं. पलीकडचा पाइप चेपलेला असेल, किंवा टर्बोला लागूनच काटकोनात वळला असेल, तर धूर तुंबतो, फरक घटतो आणि इंजिनला हवा कमी पडते. डिझेल मात्र पंप तेवढंच सोडतो. न जळलेलं डिझेल मग काळा धूर होऊन बाहेर पडतं.

तसाच पाइप बाजारात मिळाला नाही, म्हणून इथेच घडवायचा ठरला. जुना तीन इंची होता, नवा साडेतीन इंची. अर्ध्या इंचानं काय होतं, असं वाटेल. पण आतली जागा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. त्याहून मोठा नको, असं मिस्त्रींचं मत आहे आणि मला ते पटतं. १३० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला त्याहून मोठा पाइप लावून आवाज वाढेल, ताकद वाढणार नाही.

(पडद्यावर: गॅसची ज्योत. गंजलेला नट.)

या कामाचा अर्धा वेळ जुने स्टड, म्हणजे टर्बोच्या बॉडीत रुतलेले बिनडोक्याचे बोल्ट, खातात. वर्षानुवर्षं तापून-निवून नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. ताकद लावली की स्टड मोडतो, आणि बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बॉडीत अडकलेला तुकडा ड्रिल मारून काढत बसावं लागतं. म्हणून आदल्या रात्री तेल सोडून ठेवलेलं. आता ज्योत फक्त नटावर. नट फुगतो, स्टडवरची पकड सुटते. पाना थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा थोडा पुढे. पाइप निघाला की पहिलं काम म्हणजे टर्बोच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. तिथे एक वॉशर जरी पडला तरी चाकाच्या पात्यांचा निकाल लागतो.

आता बसवणी. नवा फ्लँज टर्बोवर, खालचं टोक सायलेन्सरवर, आणि मधली वाट बेंडचे तुकडे जोडत काढायची. स्टिअरिंग बॉक्स टाळायचा, वायरिंग टाळायचं, ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळ्यांपासून तर चांगलंच लांब राहायचं. तुकडे गाडीवरच धरून नुसते टाके मारायचे. त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडलेल्या. वेल्डिंगची अर्थिंगची वायर पाइपलाच लावायची, टर्बोला कधीच नाही. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं.

(पडद्यावर: गाडीखाली पोरगा, बाहेर मिस्त्री.)

“वस्ताद, दोन सुताचा फरक येऊन राह्यला.”

“मंग तोड टाका. पुन्हा धर.”

“पाना टाकून ओढून घेऊ काय?”

“जोर नोको लावू बावा. नट बोटानं गेला पाह्यजे.”

दोन सूत म्हणजे पाव इंच. पान्यानं ओढला असता तर फ्लँज बसलाही असता, बाहेरून कोणाला कळलंही नसतं. पण तो ताण टर्बोच्या बॉडीत कायमचा राहिला असता आणि एखाद्या घाटात तापल्यावर बीड तडकलं असतं. माझ्या मते या सगळ्या कामाची परीक्षा इथेच होते: पाइप ओढून-ताणून बसवला, की तो आपसूक बसला. टाका तुटला, तुकडा फिरवला, पुन्हा टाका. चारही नट बोटानं फिरले तेव्हाच पाइप खाली उतरवला आणि टेबलावर सगळीकडून पक्का वेल्ड केला.

मीटरभर पाइप चार किलोच्या वर भरतो. तो टर्बोला लटकवून ठेवायचा नाही. भार गिअरबॉक्सजवळच्या ब्रॅकेटवर घ्यायचा. त्यापुढे लवचिक बेलोचा तुकडा. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलतं, सायलेन्सर चेसिसला घट्ट. मधलं हलणं बेलोनं सोसायचं. शिवाय चारशे अंशांनी तापला की मीटरभर लोखंडी पाइप पाचेक मिलिमीटर लांबतो. त्या लांबीलाही जागा हवी.

गाडीला एक्झॉस्ट ब्रेक आहे, म्हणजे धूर अडवून इंजिनाकडूनच गाडीचा वेग रोखणारा ब्रेक. त्याची झडप याच पाइपात बसते. धुराची वाट मोकळी राहावी म्हणून ती काढून टाकणारे लोक आहेत. मिस्त्री काढत नाहीत. उताराला सोळा टन एकट्या ड्रमब्रेकवर सोडणं म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ, आणि समोरून येणाऱ्याच्याही. झडप नव्या पाइपात पुन्हा बसवली, उघडझाप करून पाहिली.

(पडद्यावर: कापसानं भरलेली गाडी.)

इथल्या गाडीला एक काळजी जास्तीची. भरल्या लोडवर टर्बोच्या अलीकडे धूर ६०० अंशांच्या पुढे जातो. जिनिंगच्या आवारात रुई हवेत तरंगते, बॉनेटखाली साचते. तापलेल्या पाइपवर पुंजका बसला की धुमसायला लागतो. म्हणून पाइपवर काचतंतूंची पट्टी गुंडाळली, वर पत्र्याची ढाल. पूर्वी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. तिचे तंतू फुप्फुसात जातात, ती आता कोणीही हातात घेऊ नये.

हे सगळं जुन्या गाडीपुरतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) ट्रकमध्ये टर्बोमागचा धूर शुद्धीकरणाच्या यंत्रणेत जातो. तिथे कापाकापी करायची नाही. या गाडीला तशी यंत्रणा मुळातच नव्हती, तरी पीयूसीची ६५ एचएसयूची (एचएसयू हे धुराच्या काळेपणाचं माप) मर्यादा हिलाही आहे. आणि धूर पंपामुळे असेल तर पाइप बदलून तो जात नाही.

(पडद्यावर: इंजिन सुरू. सांध्याजवळ हात.)

इंजिन थंड असतानाच सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा आला नाही. ड्रायव्हरला एकच सूचना आहे. पहिला घाट चढून-उतरून आल्यावर गाडी पूर्ण निवू द्यायची आणि सगळे नट पुन्हा आवळायचे. नवं गॅस्केट तापून दबलेलं असतं, पाना थोडा तरी फिरतोच.