हार्डविक हॉल: एवढी काच, मग भार कुणावर?

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातला हा हार्डविक हॉल. 1590 ते 1597 या काळात उभा राहिला. मालकीण श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजे ‘बेस ऑफ हार्डविक’. मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ‘ई एस’ ही अक्षरे तिचीच. लाजरेपणा तिच्या स्वभावात नव्हता! आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. तो मुळात पाथरवट.

भिंतीपेक्षा काच जास्त, अशी या वाड्याची ख्याती. मग भार कोण पेलतं? आतल्या जाड भिंती. धुराडी त्यांच्या पोटात घेतली आणि बाहेरची भिंत खिडक्यांसाठी मोकळी झाली. तरी सगळ्या खिडक्या खऱ्या नाहीत. काहींच्या मागे सरळ भिंत आहे. दर्शनी बाजूची जुळणी बिघडू नये म्हणून काच तेवढी बसवली.

खिडक्यांची उंची पाहा. तळमजल्यावर बुटक्या. पहिल्या मजल्यावर बेसच्या राहत्या खोल्या, तिथे मध्यम. दुसऱ्या मजल्यावर पाहुण्यांसमोर मिरवायची दालनं, तिथे सर्वांत उंच. भरीव भिंत खाली, पोकळी वर; बांधकामालाही हे मानवतं.

आता खिडकी जवळून. उभे-आडवे दगडी दांडे, त्यांत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या छोट्या काचा. त्या काळी काच फुंकून करत, मोठे तावदान मिळणं अवघड. शिसं मऊ, वाऱ्याने तावदान फुगतं. म्हणून ते तारेने आडव्या लोखंडी गजाला बांधतात. अशा खिडक्यांचं दुखणं याच गजात. पाणी मुरलं की लोखंड गंजून फुगतं आणि गजाच्या टोकापाशी दगडी दांड्याला उभी चीर जाते. नवा गज कांस्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घालावा.

दगड इथल्याच खाणीतला वालुकाश्म. घडायला सोपा, पण पावसापाण्याने झिजतो. खाणीत थर जसा आडवा असतो, तसाच तो भिंतीत बसवायचा. थर उभा करून दर्शनी लावला, तर पापुद्रे सुटतात. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानेच भरायच्या. सिमेंट दगडापेक्षा कडक. ते ओल बाहेर पडू देत नाही. मग ती दगडातून वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचा पृष्ठभाग उडवते. शेवटी सिमेंटच्या रेषा पुढे आलेल्या आणि दगड आत गेलेला दिसतो. हे सिमेंट काढताना यंत्राने घाई करू नये. पातं घसरलं की दगडाची कड गेलीच. छिन्नी-हातोडीच बरी.