गॅलरीत टॉवेल दिसला की ५०० रुपये? सोसायटीचा नियम नेमका कुठवर चालतो

(हातात ओली चादर, खाली बादली)

नमस्कार मंडळी. आधी हे बघा. आपली सोलापुरी चादर, डबलची. आत्ताच दोघांनी दोन टोकं धरून पिळली, तरी फरशीवर तळं झालंय. आता ही मी घरात वाळवायची, असं आमच्या सोसायटीचं म्हणणं आहे.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज पडला: 'गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते. आढळल्यास दर वेळी ५०० रुपये दंड.' खाली अकरा जणांचे अंगठे. त्यातल्या तिघांच्या ग्रिलवर त्याच वेळी बनियन वाळत होते. मी मोजले.

शोभा! अहो, ज्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या गावात टॉवेल दिसला तर शोभा जाते? आणि इथं धुणं एकदम निघतं, त्याला कारण आहे. वर्षानुवर्षं आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरभराचं धुणं. एवढं सगळं घरातल्या स्टँडवर मावत नाही. बरं, फ्लॅट विकताना बिल्डरनं नकाशात 'ड्राय बाल्कनी', म्हणजे धुणं वाळवायची छोटी गॅलरी, छापलेली असते. आमची डक्टच्या, म्हणजे पाइप जातात त्या बंदिस्त पोकळीच्या बाजूला आहे. ऊन म्हणाल तर दुपारी दहा मिनिटं.

हे खूळ अमेरिकेतही आहे. तिथं घरमालकांच्या संघटना असतात, आणि अंगणात दोरी दिसली की घरांचे भाव पडतात म्हणून अनेक संघटनांनी ती बंद केली. मग लोक ड्रायर लावणार, विजेचं बिल भरणार. शेवटी फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी कायदाच केला की दोरीवर सरसकट बंदी घालता येणार नाही. म्हणजे तिथली काही राज्यं मागे फिरली, आणि आपण मे महिन्याच्या बेचाळीस डिग्रीत ते नव्यानं सुरू करतोय.

असो. आता कामाचं.

पहिल्यांदा तुमची नोंदणी कशाखाली आहे ते बघा. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि तुमचे नोंदणीकृत उपविधी, म्हणजे संस्थेची लेखी नियमावली. जुळे सोलापूरकडे बऱ्याच इमारतींच्या नावात नुसतं 'अपार्टमेंट' असतं. नावावर जाऊ नका, कागद बघा. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, म्हणजे 'डीड ऑफ डिक्लरेशन', काढून वाचायचं.

संस्था असेल तर चेअरमनला वाटलं आणि ग्रुपवर टाकलं, एवढ्यानं दंड लागत नाही. सरकारनं नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे कुठल्या चुकीला किती दंड, हे सर्वसाधारण सभेनं ठरवायचं. मग समितीनं तुम्हाला कारणे दाखवा नोटीस द्यायची, तुमचं म्हणणं ऐकायचं, आणि मगच आकारणी. तीही आर्थिक वर्षात ५००० रुपयांच्या वर नाही. मेंटेनन्सच्या बिलात गुपचूप पाचशे जोडले असतील, तर आधी सभेचा ठराव मागा.

पण ठराव खरोखर झालेला असेल, तर 'मला कळलंच नाही' म्हणून सुटका नाही. सभेला तुम्ही गेला नव्हता, हा तुमचा प्रश्न.

आता माझी चूक सांगतो. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक चादर, लाल, नवी कोरी, मी कठड्याच्या बाहेर टाकली आणि दुकानात निघून गेलो. खालच्या मजल्यावर काकूंनी जुन्या धोतरावर कुरडया घातल्या होत्या, पहाटे उठून चीक शिजवून. दुपारी मला खाली बोलावलं. अर्ध्या धोतरावरच्या कुरडया गुलाबी! काकू काही बोलल्या नाहीत. नुसतं ताट उचलून दाखवलं. मी त्यानंतर पंधरा दिवस लिफ्टऐवजी जिना वापरला, गाठ पडू नये म्हणून.

तर शेजाऱ्याला उपद्रव होईल असं वागू नये, हे उपविधींत आहे आणि ते रास्त आहे. पाणी खाली ठिबकता कामा नये. कठड्याबाहेर लोखंडी दांड्या ठोकायच्या असतील तर परवानगी घ्या. गच्ची सगळ्यांची, तिथं एकानं कायमच्या तारा बांधून जागा अडवायची नाही. असा नियम करा, मी पहिला हात वर करतो. कठड्याच्या आत, निथळून झालेला टॉवेल नुसता दिसतो म्हणून दंड, त्याला माझा हात नाही.

तुमच्याकडेही मेसेज आला असेल तर सेक्रेटरींना साधा अर्ज द्या. लिहून घ्या: 'कपडे वाळत घालण्याबाबतचा उपविधी आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत मिळावी. लागणारी फी भरण्यास तयार आहे.' बस्स, दोन ओळी. भांडण नको, टोमणा नको. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायला लागते, त्याआधी हा विषय अजेंड्यावर घ्या असंही त्यातच लिहा. उत्तर नाहीच आलं तर सहकारी संस्थांचं उपनिबंधक कार्यालय आहे.

आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही, शिक्का, तारीख. निळी टिक म्हणजे पोच नव्हे.