लाटेवरचा रबरी घुमट

(दृश्य: वरून दिसणारा गोल टँक)
लाटेतून वीज काढणारा एक रबरी पडदा जिथं तपासला जातो, तो एडिनबरा विद्यापीठाचा हा 'फ्लोवेव्ह' टँक. व्यास २५ मीटर, आत सुमारे २४ लाख लिटर पाणी. काठाने १६८ पॅडल बसवलेली. हवी त्या दिशेची लाट मागा, मिळते. आता बघा, चहूकडून आलेल्या लाटा मधोमध भिडतात आणि पाण्याचा सुळका उभा राहतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं)
लाटांतून वीज काढायचं वेड या शहराला जुनं आहे. प्राध्यापक स्टीफन सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात इथंच 'डक' घडवलं, लाटेवर मान डोलावणारं यंत्र. पुढे स्कॉटलंडमधूनच 'पेलामिस' आलं, सांध्यांनी जोडलेल्या लांबलचक पोलादी नळ्यांचं. २००८मध्ये अशी तीन यंत्रं पोर्तुगालच्या समुद्रात उतरली आणि काही महिन्यांतच बंदरात परत ओढून आणावी लागली. आधी बेअरिंगने छळलं, मग पैशाने.

मग एवढं पोलाद हवंच कशाला?

(दृश्य: पडद्याचा क्लोजअप)
हा पातळ पडदा रबरासारख्या लवचिक पदार्थाचा. सुरुवातीच्या प्रयोगांत तर चक्क दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचं लवचिक अ‍ॅक्रिलिक वापरलं गेलं. दोन्ही बाजूंना फासलेला काळा थर म्हणजे वीज वाहून नेणारं कार्बनचं ग्रीस. धातूचा पत्रा असता तर ताणल्यावर चिरला असता. हे ग्रीस पडद्याबरोबर पसरतं.

पडदा बसतो तळाशी उघड्या असलेल्या नळकांड्यावर. लाट आली की आतलं पाणी चढतं, कोंडलेली हवा वर रेटते आणि पडदा पुरीसारखा टम्म फुगतो.

नेमक्या याच क्षणी त्याला विद्युतभार द्यायचा. समजा पडद्याचं क्षेत्रफळ दुप्पट झालं. रबराचं घनफळ बदलत नाही, म्हणजे जाडी निम्मी. भार साठवायची क्षमता चौपट. आता लाट ओसरते. पडदा आक्रसतो, जाड होतो, पण भार तेवढाच राहतो. एकाच बाजूचे भार दाटीत कोंबले जातात, समोरासमोरचे लांब सारले जातात. ही सगळी ओढाताण रबर करतं, आणि दिलेल्या ऊर्जेची चौपट होते. घातलेली परत घ्यायची, उरली ती लाटेची कमाई.

केरळात विळिंजमला १९९१मध्ये १५० किलोवॉटचं केंद्र अशाच कोंडलेल्या हवेवर उभारलं होतं, पण तिथं हवेने टर्बाइन फिरायचं. इथं टर्बाइनच नाही!

टँकमधली वीज अजून वॉटमध्येच मोजायची, आणि पुन्हापुन्हा ताणून रबर फाटतंच, तेही खरं.

(दृश्य: समुद्रकिनारा, इटली)
पिसाच्या सांतान्ना संस्थेचे संशोधक एडिनबरासोबत या कामात आहेत. दक्षिण इटलीत, रेज्जो कालाब्रियाच्या किनाऱ्यावर, टँकबाहेरच्या खऱ्या लाटांवरही असा पडदा लावून झाला आहे. अ‍ॅक्रिलिक भरपूर ताणतं, पण प्रत्येक हेलकाव्यात बरीच ऊर्जा स्वतःच खाऊन टाकतं. म्हणून आता शोध आहे कमी खाणाऱ्या, जास्त टिकणाऱ्या रबराचा.